गाडी लेट नव्हती

ताई,

मी डोंबिवलीची, वय ४४. फोर्टमध्ये एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. पावणेपाचला उठते. चार डबे (माझा, मिस्टरांचा, मुलाचा शाळेचा आणि क्लासचा), सासूबाईंचा नाश्ता, त्यांच्या गोळ्या काढून ठेवणं, मग पंधरा मिनिटं चालत स्टेशन आणि ७.४२ ची गाडी. सासूबाई ७६ वर्षांच्या. दीड वर्षापूर्वी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आता वॉकर घेऊन चालतात. दिवसा एक मावशी असतात, त्या सहाला जातात. मुलगा दहावीत. मी साडेसातला घरी पोचते (मिस्टर ठाण्याला आहेत, ते पावणेसातला येतात) आणि अंथरुणाला पाठ टेकायला साडेअकरा होतात.

हल्ली जो तो सांगतो, स्वतःसाठी वेळ काढ. कुठून काढू ते मात्र कुणी सांगत नाही. ऑफिसातली मैत्रीण कर्जतला कसल्याशा वेलनेस शिबिराला जाऊन आली, मलाही चल म्हणते. अंग सारखं जड असतं, जिना चढताना धाप लागते. सात-आठ महिने पाळीचं तंत्रही बिघडलंय, अंगावरून फार जातं. वयाचं असेल म्हणून सोडून दिलंय.

आता खरी गोष्ट. संध्याकाळी सीएसएमटीला फास्ट उभी असते, ती मी सोडते आणि स्लोमध्ये बसते. खिडकी मिळते. वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात. नुसती बाहेर बघत बसते. कधी कधी वाटतं, ही गाडी कुठे थांबूच नये. घरी सांगते, गाडी लेट होती. वर्ष झालं. सासूबाई रोज रेल्वेला शिव्या घालतात आणि मी मान खाली घालून कुकर लावते. माझं चुकतंय का?

— स्लोवाली

*

प्रिय स्लोवाली,

'गाडी लेट होती' या तीन शब्दांवर या शहरातले किती संसार तरून गेले असतील, देव जाणे. त्यामुळे रेल्वेपुरतं पाप मनातून काढून टाका.

वेळ कुठून काढू, असं तुम्ही विचारता. अहो, काढलाय की तुम्ही! चिंचपोकळी, करी रोड, नाहूर, कळवा, जिथे फास्ट ढुंकूनही बघत नाही तिथे थांबत थांबत तुम्ही रोजची वीस-पंचवीस मिनिटं स्वतःकडे ठेवून घेतलीत. सल्ला देणाऱ्या बाईने तुमच्याकडून शिकावं इतकं ते हुशारीचं आहे. मला खटकलं ते एवढंच, की तो वेळ चोरीचा आहे. चोरीच्या वेळात माणूस विसावत नाही. ठाणं गेलं की आज सिग्नल फेल सांगायचं की ओव्हरहेड वायर, हा विचार सुरू होत असणार. म्हणजे खिडकीतली शेवटची पंधरा मिनिटं पुन्हा घराच्याच खात्यात गेली.

हे मी अनुभवाने सांगते. नोकरीच्या दिवसांत मी दर गुरुवारी सुटल्यावर दत्ताच्या देवळात जायची. घरी कुणी कधी हरकत घेतली नाही, उलट सासरे म्हणायचे, सूनबाईंचं दत्तमहाराजांवर फार. खरं सांगू? आत जाऊन हात जोडायला मिनिट लागायचं. नंतरचा अर्धा तास मी मागच्या पायरीवर चपला काढून, पाय पसरून बसायची. शेंगदाणे खायची. एकदा एका ओळखीच्या बाईंनी पाहिलं आणि मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, जणू चोरी करताना सापडले. आज त्याचं हसू येतं. पण दमलेय म्हणून बसते, असं म्हणता येईना, तेव्हा देवाचं नाव पुढे करावं लागलं, हे काही हसण्यासारखं नाही.

बाकीचं बोलण्याआधी तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांवर मला थांबायचंय.

एक म्हणजे धाप. जिना चढताना धाप लागणं आणि महिनोन्‌महिने अंगावरून जास्त जाणं, ही दोन्ही एकाच बाईला होत असतील तर 'वयाचं असेल' म्हणून विषय मिटत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षय असलेल्या निघाल्या. निम्म्याहून जास्त. आपल्याला वाटतं, रक्त कमी असणं हे खेड्यातल्या, पोटाला न मिळणाऱ्या बाईचं दुखणं. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली, कपाळावर घाम आलेली बाईही त्यांच्यात मोजायची, हे आपल्या लक्षात येत नाही. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी, हे बाईसाठीचं माप. त्याबरोबर थायरॉइड, बी-१२ आणि साखर बघून घ्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. या वयात पाळी जायच्या तयारीत असल्याने तंत्र बिघडू शकतं, पण फायब्रॉइडमुळेही, म्हणजे गर्भाशयातल्या गाठींमुळेही, बिघडतं. ते कशामुळे हे त्यांनी ठरवायचं, तुम्ही किंवा मी नाही. तिशीनंतर स्तनांची आणि गर्भाशयाच्या मुखाची कर्करोगाची तपासणी करून घ्यायची असते, तीही विचारा. सरकारी तपासणी कार्यक्रमातही ती आहे. आणि लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. ऑफिसच्या अकराच्या चहाला गोळी गिळून वर्षभर रिपोर्ट तिथेच राहिलेल्या बायका माझ्या पाहण्यात आहेत. चहा आणि गोळी यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा. गोळीबरोबर लिंबूपाणी चालेल.

दुसरं वाक्य, गाडी कुठे थांबूच नये. दमलेली बाई असं म्हणते, मीही म्हटलंय. पण ते वाटणं रोजचं झालं असेल, रडू कारणाशिवाय येत असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, किंवा आपण नसलेलं बरं असं कधी मनाला शिवून गेलं असेल, तर माझ्या पुढच्या पत्राची वाट बघू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. स्लोमधूनही लावता येतो, घरी कुणाला सांगायची गरज नाही. हे एवढं एक गुपित माझ्याकडून माफ.

आता वेळेचं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यातली सगळ्यात मोठी बातमी तुम्ही कंसात टाकली आहे. मिस्टर पावणेसातला घरी येतात. तुम्ही साडेसातला. मग पाऊण तास घरात एक धडधाकट माणूस असतो आणि तरी कुकर तुम्ही आल्यावर लागतो. ते त्या वेळात काय करतात हे तुम्ही लिहिलं नाही, मी विचारत नाही. बहुतेक बातम्या बघत असतील, आणि बातम्यांत रेल्वे वेळेवर धावत असेल.

केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२४ मध्ये देशभर घरोघरी विचारून, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची पाहणी केली. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि ते काम करणारे पुरुष ८८. लक्षात घ्या, हे 'काम करणारे' पुरुष आहेत. जे त्या दिवशी हातच लावत नाहीत, ते या सरासरीत मोजलेलेच नाहीत. दोघांत दोनशे मिनिटांचा फरक. तुम्हाला हवी आहेत पंचवीस.

म्हणून 'स्वतःसाठी वेळ काढ' हा सल्ला मला अर्धवट वाटतो. तुमच्या दिवसाच्या तळाशी कुठे उरलेला वेळ नाही, जो खरवडून काढता येईल. तो कुणाच्या तरी अंगावर काम टाकूनच मिळणार. सल्ला देणारे पहिला भाग बोलतात, दुसरा भाग बोलला की घरात वाद होतात.

काम टाकायचं म्हणजे कसं, त्यात आपण बायका एक चूक करतो. 'जरा मदत करा ना' म्हणतो. मदत म्हटलं की काम आपलं राहतं. मग भाजी आणायला सांगितलेला माणूस मंडईतून फोन करतो, मेथी आणू की पालक, किती आणू, ही पिवळी दिसतेय चालेल का. तुम्ही व्हाउचर तपासता तपासता मेथीचा निर्णय घेता. पिशवी उचलली त्यांनी, डोकं वापरलं तुमचं. त्यापेक्षा एखादं काम मुळापासून द्या, आठवण ठेवण्यासकट. सासूबाईंच्या गोळ्या घ्या उदाहरणाला. संपत आल्या हे बघणं, आणणं, वारांच्या डबीत भरणं, डॉक्टरची तारीख लक्षात ठेवणं, सगळं त्यांच्या मुलाकडे. आई त्यांची आहे. यात उपकाराची भाषा कुणीच करायची नाही. आणि संध्याकाळचा कुकर, जो पावणेसातला घरी असेल त्याचा.

पहिले पंधरा दिवस भात गिचका होईल. होऊ द्या. तुम्ही फक्त जाऊन झाकण उघडून नाक मुरडू नका, कारण ते केलंत की काम संध्याकाळपर्यंत परत तुमच्याकडे आलेलं असेल. हा भाग सगळ्यात अवघड आहे आणि तो तुमच्याकडे आहे. मला जमायला चार वर्षं लागली. आमच्याकडे अजून फोडणीत मोहरी तडतडायच्या आधी हिंग पडतो, मी दुसऱ्या खोलीत जाते.

मुलाचं. दहावी आहे म्हणून त्याच्या हाताला पाणी लावायचं नाही, हा आपल्याकडचा एक विचित्र सोवळेपणा आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने रात्री वीस मिनिटं उद्याची भाजी चिरली, सकाळी आपला क्लासचा डबा भरला, तर टक्के कमी होत नाहीत. झालंच तर पुस्तकातून मान वर निघते. पोळ्यांचं तर डोंबिवलीत राहून रडणं मला कळत नाही. गल्लीगल्लीत पोळीभाजी केंद्रं आहेत, जिथे तुमच्यासारख्याच बायका हातावर पोट घेऊन तव्यापाशी उभ्या असतात. रोज नको, आठवड्यातले तीन दिवस आणा. सासूबाईंना बाहेरची पोळी चालत नसेल तर त्यांच्यापुरत्या दोन घरी लाटा. दोन पोळ्या आणि सोळा पोळ्या यांत पाऊण तासाचं अंतर आहे.

तो पाऊण तास योगासनांना देऊ नका, झोपा. साडेअकरा ते पावणेपाच म्हणजे सव्वापाच तास. मोठ्या माणसाला सात लागतात. आठवड्याला बारा तासांची उधारी तुम्ही अंगावर वागवताय, आणि अकाउंट्समधल्या बाईला उधारीवर व्याज चढतं हे मी काय सांगायचं. मोबाइलमधली ती बाई बघितलीत ना, पहाटे पाचला उठून कोमट लिंबूपाणी पिणारी? तुम्ही तिच्या पंधरा मिनिटं आधी उठून कणीक मळताय. तुम्हाला लवकर उठायला शिकवण्याची कुणाला गरज नाही. व्यायाम होत नाही ही टोचणीही काढून टाका. आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि ते सलगच हवं असंही नाही. घर ते स्टेशन पंधरा मिनिटं, जाऊन-येऊन तीस, पाच दिवस. तुमचे होतात. धापेचं निदान झालं की फक्त पाय थोडे उचला. कर्जतला जावंसं वाटलं तर जाऊन या, हवा छान आहे. पण दोन दिवसांच्या शिबिराने सोमवारचे चार डबे तीन होत नाहीत.

सासूबाईंच्या वाक्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण 'आमच्या वेळी नव्हती असली थेरं' हे येणारच, म्हणून आधीच बोलून ठेवते. त्यांचं चूक नाही. थेरं नव्हती, पण सोयी होत्या, फक्त त्यांना ते नाव नव्हतं. बाळंतपणाला आणि सणाला माहेरपण होतं. मंगळागौरीला रात्रभर झिम्मा-फुगड्या होत्या. दुपारची जेवणं आवरली की ओट्यावर तासभर चार डोकी जमायची, कुणी वाती वळायचं, कुणी नुसतं बोलायचं. पहाटेच्या जात्यावर सासूपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांचे पाढे वाचायची मुभा होती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखावर ओव्या जमा केल्या, त्या ऐकल्या तर कळतं की त्या बायका दळण दळता दळता काय काय मोकळं करत होत्या. काही म्हाताऱ्यांनी तर मला सांगितलंय की महिन्याच्या चार दिवसांत कोपऱ्यात बसवायचे, तेवढीच पाठ टेकायची. मी त्या प्रथेची भलामण करत नाही, ती गेली ते उत्तमच. पण अपमान सोसून मिळालेली विश्रांतीही बाईला हवीशी वाटावी, यावरून बाकीचे दिवस कसे असतील ते बघा. आपल्या पिढीचं असं झालं की जातं गेलं, ओवी गेली, पहाट तेवढी राहिली. आणि नोकरदार बाईचा सण म्हणजे सुटीच्या दिवशी पुरण.

या सगळ्यातली एक गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे. आपल्या घरांत नेमाला मान असतो. तुमच्या घरात संकष्टी कुणी धरत असेल, तर त्या दिवशी चंद्र दिसेपर्यंत तिला कुणी जेव म्हणत नाही, का नाही जेवत असंही विचारत नाही. श्रावणातल्या कहाण्यांत बाई वसा घेते तेव्हा म्हणते, उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. तुम्ही स्लोचा वसा घ्या. रोज नको, मंगळवार आणि शुक्रवार ठरवून टाका. रोज उशीर झाला तर घराला ते संकट वाटतं, ठरलेल्या वारी झाला तर वेळापत्रक वाटतं. त्या दिवशी खुशाल अजून एक गाडी सोडा, आठला पोचा. बाकीचे दिवस फास्टने या, म्हणजे सासूबाईंनाही रेल्वे सुधारल्याचं समाधान.

सांगायचं कसं? रविवारी सकाळचा चहा झाल्यावर, पेपर हातात असतानाच. 'मंगळवारी आणि शुक्रवारी मी आठला येणार. त्या दिवशी कुकर आणि आमटी तुम्ही दोघं बघा.' बस. कारण जोडू नका. कारण दिलं की त्यावर चर्चा होते, मग मतदान होतं. 'का गं, काही काम आहे का?' असं विचारतील. 'नाही, स्लोने येणार आहे.' मिस्टर थोडे चमकतील. चांगला माणूस असेल तर दुखावतीलही, की घरी यायला हिला नको वाटतं की काय. तेव्हा खरं काय ते सांगा, वर्षभराच्या लेट गाड्यांसकट. तुम्ही घरापासून पळत नव्हता, घरी पोचायच्या आधी जरा दम खात होता, हे कळण्याइतकं त्यांनाही ठाण्याच्या पुलावरची गर्दी माहीत असेल. सासूबाईंना सगळं सांगितलंच पाहिजे असं नाही. त्यांच्या आणि रेल्वेच्या भांडणात आपण पडू नये. त्यांना त्या दोन संध्याकाळी शेंगा सोलायला, कोथिंबीर निवडायला द्या. वॉकर पायांना लागतो, हात मोकळे आहेत. आणि दीड वर्षं नुसतं बसवून ठेवलेल्या बाईला कुणी काम सांगितलं तर राग येण्यापेक्षा बरंच वाटतं, असा माझा अंदाज आहे.

गाडीत काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगणार नाही. फक्त पिशवीत मेथीची जुडी नेऊ नका. ती निवडणाऱ्या बाया मला ठाऊक आहेत, मीही निवडलीय, चार-चौघींत गप्पा मारत निवडायला मजाही येते. पण ती मजा बुधवारी करा.

आता रक्ततपासणी. तुमच्या रजा मुलाच्या परीक्षेसाठी आणि सासूबाईंच्या डॉक्टरांसाठी राखून ठेवल्या असतील, याची मला खात्री आहे. त्यातली एक याच आठवड्यात घ्या, पूर्ण दिवसाची. अर्ध्या दिवसाची घेतलीत तर उरलेल्या अर्ध्यात माळा साफ कराल. साखर बघायची तर उपाशीपोटी जावं लागतं, सकाळी लवकर, चहासुद्धा न घेता. म्हणजे त्या दिवशीचे डबे कुणी करायचे ते आदल्या रात्रीच ठरवून टाका. त्यातलं एकही नाव तुमचं नको.

तुमची,
ताई